माशाचं डावं

१८ फेब्रुवारी

बाईंनी पाटी लिहायला सांगितली. मजकूर त्यांनीच दिला, चिठ्ठीवर — "या जातीचे शेवटचे सात मासे." खाली दोन ओळी नदीबद्दल.

"भाषा तुमच्या पद्धतीने सजवा," म्हणाल्या, "पण 'शेवटचे' राहू द्या. त्या शब्दापाशी लोक थांबतात."

एक जूनला मत्स्यालयाचं पुढचं दालन उघडणार. आमच्या दोन्ही टाक्या तिकडे जाणार, रंगीत माशांसाठी. आमचे सात दारापाशीच्या मोठ्या टाकीत, बाकीच्या चाळीस माशांत. तिथे दोन महिन्यांत शेपट्या कुरतडल्या जातील. पिल्लं झालीच तर तासाभरात कुणीतरी गिळेल. म्हणजे पाटी खरी ठरणार.

मी विचारलं, "मेअखेरपर्यंत पिल्लं झाली तर?"

"तीन वर्षांत झाली नाहीत."

"झाली तर?"

बाईंनी चष्मा पुसला. संचालक झाल्यापासून त्या उत्तराआधी चष्मा पुसतात. "झाली तर दोन्ही टाक्या तुमच्या. दालन गेलं खड्ड्यात!"

हसत म्हणाल्या. पण म्हणाल्या. तारखेसह लिहून ठेवतेय.

पाटी लिहिली नाही.

१९ फेब्रुवारी

गेल्या महिन्यात आमचे टाकीरक्षक, सगळ्यांचे मामा, निवृत्त झाले. बावीस वर्षं टाक्या सांभाळल्या. आता टाक्या माझ्याकडे — "माणूस मिळेपर्यंत". मी इथे आले ती पाट्या लिहायला, साहित्याची पदवी घेऊन. अकरा वर्षं झाली. मासा म्हणजे माझ्या लेखी चार ओळी, जाड अक्षरात. आता त्याला खायलाही घालायचं.

मामांची वही घरी आणली. निळी, पाण्याने फुगलेली. जे कळलं ते माझ्या शब्दांत उतरवते. म्हणजे खरंच कळलंय का ते कळेल.

बोटाएवढा मासा. करडा, पोटाशी पिवळट. एकाच नदीत सापडायचा, तेही धरणाखालच्या एका पट्ट्यात. तो पट्टा गाळात गेला. चार वर्षांत कुणाच्या जाळ्यात आलेला नाही. मासेमार त्याला वाकड्या म्हणत. पाटीवर मी 'एकांगी' लिहिलं होतं. तेव्हा फार खूश झाले होते स्वतःवर.

अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. नराचा पोटाखालचा एक पर एका बाजूला वळलेला असतो. कुणाचा डावीकडे, कुणाचा उजवीकडे, जन्मभर तसाच. मादीची वाटही एकाच बाजूला उघडते. दोघं शेजारी शेजारी पोहतात, तोंडं एकाच दिशेला. ती त्याच्या डाव्या अंगाला असेल तर तिची उजवी बाजू त्याच्याकडे. म्हणून डाव्या नराला उजवी मादी लागते आणि उजव्याला डावी. बाजू चुकली की जमत नाही. पुस्तकात असं आहे, वहीतही असंच आहे.

आपल्याकडे नर दोन, दोन्ही डावे. माद्या पाच. तीन उजव्या, दोन डाव्या. दोन्ही नर आणि उजव्या तिघी पहिल्या टाकीत. डाव्या दोघी दुसऱ्या, लहान टाकीत, एकट्या. त्यांच्या जोगा नरच नाही.

पहिल्या टाकीतल्या तिघींना मामा सासुरवाशिणी म्हणतात. दुसऱ्या टाकीतल्या दोघी माहेरवाशिणी. वहीतसुद्धा हेच शब्द आहेत. सरकारी वही!

२० फेब्रुवारी

टाक्या धुतल्या. बोटं आखडली. मासे सात.

२३ फेब्रुवारी

मामांकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेत. खाटेवर बसून होते, हिरवी पट्टी, हातात रेडिओ.

"कोण? पाटीवाली? मेले का माझे मासे?"

"सातही जिवंत आहेत."

"मग तोंड असं का?"

"तुम्हाला माझं तोंड दिसतंय कुठे?"

"आवाजाला तोंड असतं," म्हणाले. सूनबाई हसल्या आणि औषधाचे थेंब घालून गेल्या.

एक जूनचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग टाक्यांचं विचारत बसले. पाणी किती गार, गवत वाढलं का, मुकादम कसा आहे. मुकादम म्हणजे थोरला नर. दुसरा लाजाळू. वहीत त्यांची नावं नर १, नर २. तोंडी मात्र हीच.

मी विचारलं, डाव्या दोघी ठेवल्या कशाला? तीन वर्षं नुसत्या.

"आधीचे साहेब म्हणालेच होते, काढून टाका. मी म्हटलं, हो साहेब."

"मग?"

"मग काय! रोज 'हो साहेब' म्हणत राहिलो. साहेबांची बदली झाली." रेडिओचं बटण फिरवलं. "खातात किती गं त्या? चिमूटभर."

२६ फेब्रुवारी

मादीची बाजू कशी ओळखायची ते वहीत सापडलं. "मादी काचेच्या बरणीत घेतली. बरणी उजेडात उंच धरली. खालून पाहिलं." नरांसाठी हे करावं लागत नाही. वळलेला पर वरूनही बाहेर आलेला दिसतो. अक्षर सुंदर आहे. एकही खाडाखोड नाही.

उजवी, डावी. शब्दांचाच विचार करत बसले. मूल राहिलं की कूस उजवली म्हणतात. नको असेल त्याला डावलतात. निकाल भाषेने आधीच देऊन ठेवलाय. माहेरवाशिणींना हे सांगू नये.

३ मार्च

बाई — "पाटी?"

मी — "शब्द सापडत नाहीये."

बाई — "दिलाय मी शब्द."

५ मार्च

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहायचं आहे.

खालच्या खोलीत ताईचं शिवणकाम, वरच्या खोलीत आम्ही दोघी. गिऱ्हाइकाची घाई होती म्हणून मी कापायला बसले. सरळ रेषेत कापणं, माझ्याकडून एवढीच तिची अपेक्षा असते. आज नाइलाजाने बाही दिली. एक कापली. तोच कागद ठेवून दुसरी कापली. ताईने दोन्ही उचलल्या, खांद्याला लावून बघितल्या आणि मटकन स्टुलावर बसली.

"दोन्ही डाव्या!"

"एकाच कागदावरून कापल्यात. सारख्याच आहेत."

"सारख्या आहेत म्हणूनच रडतेय ना मी! दुसरीला कागद पालथा घालायचा असतो. माणसाला दोन डावे हात असतात का?"

"मला काय माहीत —"

"यात माहीत काय असायचंय? वस्तू खालून बघितली की डावी ती उजवी होते. शेंबड्या पोराला कळतं."

"काय म्हणालीस?"

"शेंबड्या पोराला कळतं म्हणाले."

"त्याच्या आधी."

"खालून बघितली की डावी ती उजवी होते. एम.ए.ला शिकवत नाहीत वाटतं!"

मी कात्री खाली ठेवली. ताईला वाटलं, मला राग आला. पाणी आणून दिलं बिचारीने.

मामा नरांना वरून बघायचे. माद्यांना खालून.

६ मार्च

सकाळी सातला पोचले. पाची माद्या, एकेक करून बरणीत. दोन स्टुलं, मध्ये काच, काचेवर बरणी, मादीचं तोंड खिडकीकडे. मी खाली फरशीवर उताणी. सफाईवाल्या मावशी झाडू घेऊन आल्या आणि किंचाळल्याच. "चक्कर आली का हो?" मी म्हटलं, मासा बघतेय. "मग उभ्याने बघा की!"

उभ्याने बघून चालत नाही, हाच घोळ आहे.

खालून जी बाजू दिसली तीच लिहायची नाही. आधी डावा हात पुढे धरला, तळवा जमिनीकडे. हा मासा. बोटं म्हणजे तोंड. मग त्याच हाताखाली डोकं नेलं. अंगठा या बाजूचा त्या बाजूला गेला. चार वेळा केलं. कागदाच्या दोन चिठ्ठ्या केल्या, 'माशाचं डावं' आणि 'माशाचं उजवं', आणि बरणीला वरून बघत चिकटवल्या. त्यानंतरच खाली आडवी झाले.

पाचीच्या पाची उलट्या.

सासुरवाशिणी तिघी डाव्या. माहेरवाशिणी दोघी उजव्या. नर वहीत आहेत तसेच, दोन्ही डावे.

तीन वर्षं डाव्या नरांपाशी डाव्या माद्या. आणि हव्या होत्या त्या दोघी हातभर अंतरावर, दुसऱ्या काचेत. मामांनी काढून टाकल्या नाहीत म्हणून आहेत!

फरशीवरून उठलेच नाही बराच वेळ. मावशींनी माझ्या बाजूने झाडून घेतलं.

७ मार्च

बाईंना सांगितलं. चष्मा दोनदा पुसला.

"खात्री?"

"तुम्हीच बघा. फरशीवर आडवं व्हावं लागेल."

झाल्या! साडी सावरून, पर्स छातीवर धरून. उठल्यावर म्हणाल्या, "हे बाहेर कुणाला माहीत आहे?" आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "मेअखेर म्हणजे बारा आठवडे. पिल्लं व्हायला किती लागतात?"

"पुस्तकात नऊ-दहा."

"मग उभ्या काय राहिलात?"

या बाई मला पहिल्यांदाच आवडल्या.

८ मार्च

मुकादमला दुसऱ्या टाकीत हलवलं. दोघांनाही न्यायचा विचार होता, पण टाकी लहान आहे, दोन नर मावायचे नाहीत. मुकादम थोरला, धडधाकट. लाजाळूला पहिल्या टाकीतच ठेवलं, तिघींपाशी. तिथे त्याच्याकडून काही होणार नाही. सोबत तरी होईल.

जाळीत मुकादम असा काही फडफडला की माझं मनगट ओलं. नव्या टाकीत तासभर कोपऱ्यात. माहेरवाशिणी दुसऱ्या कोपऱ्यात. तीन वर्षांनी पुरुषमाणूस बघितल्यावर आणखी काय करणार!

११ मार्च

मामांना सांगायचं होतं. तीन दिवस टाळलं.

पट्टी निघालीय. काळा चष्मा. मला बघून खूश. "अगं, तू एवढी उंच आहेस होय!"

सांगितलं. मामांनी उजवा हात पुढे धरला, तळवा खाली. वाकून त्याच्याखाली बघायला लागले. मान दुखली असेल. परत हात वर, परत वाकले. सूनबाई दारात आल्या, परत गेल्या.

"तीन वर्षं," म्हणाले.

मी म्हटलं, कुणाच्याही हातून झालं असतं.

"कुणाच्याही कशाला? झालं ते माझ्या हातून." चष्मा काढला, पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. ऑपरेशनचा डोळा लाल होता, त्याला पाणी येतंच. "लिहिणार आहेस हे?"

"अहवाल द्यावा लागेल. इतर मत्स्यालयांनाही जाईल."

"मग नीट लिही. टाकीरक्षकाची चूक असं लिही. आणि कुठल्या पानावर, तेही. पान सोळा."

"तुम्ही त्या दोघी ठेवल्यात, तेही लिहिणार आहे."

"ते नको. साहेबांचा हुकूम मोडला त्यात."

"लिहिणार आहे."

"पाटीवाली ती पाटीवालीच!" बोलता बोलता खाटेची कड धरली होती, ती सोडली.

निघताना विचारलं, येता का टाकी बघायला? म्हणाले, डोळा बरा होऊ दे. मला वाटतं डोळ्याचं नुसतं निमित्त होतं.

१४ मार्च

काही नाही. मुकादम खातो, माहेरवाशिणी खातात.

१५ मार्च

आज!

दुपारी सव्वाबारा. मुकादम माहेरवाशिणींतल्या धाकटीच्या बाजूने आला. तिच्या उजव्या अंगाला! दोघं टाकीच्या लांबीएवढे बरोबर गेले, वळले, परत आले. मग तो एकदा तिरका झाला. क्षणभर. मी डबा उघडला होता खाण्याचा, तसाच उघडा. पुन्हा तीन वाजता. पुन्हा साडेतीनला.

ताईला सांगितलं. म्हणाली, "तुला लाज नाही वाटत, दिवसभर बघत बसलीस?"

मग विचारलं, "कितीदा म्हणालीस?"

२ एप्रिल

अहवाल लिहून दिला. अडीच पानं. अकरा वर्षांत चार ओळींपेक्षा मोठं असं पहिलंच काही.

बाईंनी लाल पेन घेतलं. "'चूक' काढा. 'नोंदींमधील दिशाविषयक तफावत' करा."

मी म्हटलं, "तफावत कुठल्यातरी टाकीरक्षकाला वाचून कळेल का, की त्यानेही खालूनच बघितलंय?"

"संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

"मामांनी स्वतःच सांगितलंय, चूक म्हणा."

पेन बंद केलं. उघडलं. 'मात्र' या शब्दाखाली एक रेघ मारली, एक तरी मारायलाच हवी म्हणून, आणि सही केली.

अहवाल गेला. अठरा ठिकाणी. चूक, पान सोळा, हुकूम मोडून ठेवलेल्या दोन माद्या — सगळं तसंच.

३ एप्रिल

पाटीही दिली आज. "एकांगी. सध्या सात." बाईंनी वाचली, 'सध्या'वर बोट ठेवलं, मग बोट उचललं.

१६ एप्रिल

धाकटीचं पोट! खालून बघायची गरजच नाही, बाजूनेच दिसतं. थोरलीचंही थोडं. मी रोज तीन वेळा खाणं देतेय. पाण्यातले किडे, बारीक केलेले, कधी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक नखभर. ताई विचारते, "आज काय खाल्लं तिने?" मी सांगते. "आणि तू?" मग आठवत नाही.

पहिल्या टाकीकडे बघायला फारसा वेळ होत नाही. सकाळी चिमूटभर घालते, पाणी बघते, पुढे जाते. तिथे शांत आहे सगळं. गवत फार वाढलंय, छाटायचं राहिलंय. लाजाळू पूर्वी दिवसभर पाइपमागे असायचा. हल्ली मधोमध हिंडतो. त्याला बघून बरं वाटलं.

२५ एप्रिल

अहवालाला दोन उत्तरं आली. एक छापील पोच. दुसरं एका टाकीरक्षकाचं, हाताने लिहिलेलं — "वाचल्यावर मी आमची वही उघडली. आम्ही आरशात बघायचो. आता जेवण जात नाही."

मामांना फोनवर वाचून दाखवलं.

"त्याला लिही, जेव म्हणावं."

४ मे

धाकटी फुगलीय. आठवड्याची गोष्ट! बाई रोज येतात आता. दालनाच्या माणसांना म्हणाल्या, टाक्यांचं मोजमाप सध्या घेऊ नका. सध्या! माझाच शब्द.

११ मे

अजून नाही. आठ आठवडे झाले. पुस्तकात नऊ-दहा आहेत. घाई माझीच आहे.

१७ मे

मामा आले! न सांगता. सूनबाईंचा हात धरून, काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा. मावशींनी खुर्ची पुसून दिली. मामा बसले नाहीत. दुसऱ्या टाकीपुढे गेले, चष्मा काढला, नाक काचेला लावलं.

पाच मिनिटं. बाईही आल्या होत्या.

"काय घालतेस हिला?"

मी यादी सांगितली. रोज तीनदा, किडे, बलक.

मामा वळले. चेहऱ्यावर असं काही, की हसू दाबताहेत की दुसरं काही, कळेना.

"पोरी, हे पोट नाही. हे जेवण आहे."

"पण —"

"पिल्लं असली की पोट मागे चौकोनी होतं, शेपटीकडे. हिचं पुढे गोल झालंय. लग्नात जेवून आल्यासारखी दिसतेय ती!"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या. मी खाली बघत होते. माझ्या चपलेवर बलकाचा डाग होता.

मामांनी डोक्यावर टपली मारली. वीस वर्षांच्या मुलीला मारावी तशी. माझं वय बेचाळीस. "एकदा जमलंय ना दोघांचं? पाहिलंस ना डोळ्यांनी? मग होईल. या नाही तर पुढच्या खेपेला. उपाशी ठेव आठवडाभर."

"तिला का तुम्हाला?" सूनबाई म्हणाल्या. मामांना साखर आहे.

जाताना पहिल्या टाकीकडे मान वळवली. "आणि त्या तिघी?"

"बऱ्या आहेत."

"गवत छाट," म्हणाले. गेले.

१८ मे

दोन किडे. बस.

२१ मे

धाकटी आता पूर्वीसारखी. सडपातळ. फजिती कळल्यासारखी माझ्याकडे बघत नाही. मुकादम मात्र रोज येतो तिच्या बाजूला, उजव्या अंगाला, न चुकता. हे पाहिलं की मी उरलेले दहा दिवस मोजायचे विसरते.

२४ मे

बाईंनी बोलावलं. दालनाची माणसं एकतीसला टाक्या न्यायला येणार. आवाज अगदी हळू. "मी आणखी दोन आठवडे मागितले होते. वरून नाही म्हणाले."

मला माहीत नव्हतं की त्यांनी मागितले.

"मोठ्या टाकीत मध्ये जाळी घालून देईन," म्हणाल्या. "एक कोपरा त्यांचा. बाकीचे पलीकडे. एवढं माझ्या हातात आहे."

"चालेल," म्हटलं. मग त्यांच्याच टेबलावर बसून कागदावर कोपऱ्याचं चित्र काढलं. जाळी किती बारीक हवी, पाइप कुठून. बाईंनी पट्टी धरली. पिल्लं जाळीतून निसटू नयेत म्हणून मी छिद्र मिलिमीटरचं लिहिलं. बाईंनी वाचलं. खोडलं नाही.

ताई म्हणाली, जाळी मी शिवून देते. बाजू मात्र तू सांगू नकोस.

२८ मे

जाळी शिवून तयार. चारी कडा दुमडलेल्या, दुहेरी शिलाई. इतकी नेटकी की टाकीत घालायला जीव होईना. मावशींनी हात लावून बघितली — "बाळाच्या मच्छरदाणीसारखी!"

उद्या पहिली टाकी रिकामी करायला घेणार. गवत आधी काढावं लागेल, जंगल झालंय. मग मुकादम आणि दोघी. एकतीसपर्यंत सगळे कोपऱ्यात.

मोठ्या टाकीतलं पाणी आमच्या टाक्यांतल्या पाण्याशी थोडं थोडं मिसळतेय चार दिवस. म्हणजे त्यांना अचानक परकं वाटणार नाही. हे वहीत नव्हतं. मलाच सुचलं.

२९ मे

गवताची पहिली मूठ उपटली आणि पाण्यात पापण्या तरंगल्यासारखं दिसलं. अकरा! अकरा पिल्लं!

पहिल्या टाकीत. लाजाळूची. डाव्या नराची, डाव्या मादीपासून. पुस्तक चूक, वही चूक, माझा अहवाल अडीच पानं चूक! बाजूचा प्रश्नच नव्हता. त्या टाकीत बदल एकच झाला होता, मुकादम तिथून गेला होता आणि लाजाळू पाइपमागून बाहेर आला होता.

फोन कानाला लावून लिहितेय. मामा उचलत नाहीयेत. अहो, उचला!